संरक्षित पेठेतल्या माळवदी वाड्याची दुरुस्ती: परवानगीपासून मृगापर्यंत

खुलताबाद, पैठण, तेर, नळदुर्ग, परंडा अशा मराठवाड्यातल्या गावांच्या जुन्या भागात सागवानी खांबांचे, माळवदाचे, म्हणजे लाकडी सांगाड्यावर माती ठोकून केलेल्या सपाट छताचे, वाडे अजून उभे आहेत. एखादा पडला की लोक वयाला दोष देतात. प्रत्यक्षात बहुतेक वाडे पाण्याने आणि वजनाने पडतात, आणि त्यात सिमेंटच्या दुरुस्त्यांची भर पडलेली असते. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी कागद, मग नोंद, मग पाणी बाहेर काढणं, मग छताचं वजन उतरवणं, त्यानंतर भिंती, आणि शेवटी माळवद पुन्हा घालणं. गिलावा आणि रंगरंगोटी त्यानंतर. सगळ्यांना घाई रंगाची असते, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

पुढचं सगळं साधारण अशा घराला धरून लिहिलं आहे: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, आत खांब-तुळयांचा सांगाडा, वर माळवद, आणि शेजारी किल्ला, मकबरा, मंदिर किंवा वेस.

आपलं घर कुठल्या हद्दीत येतं?

शेजारचं स्मारक केंद्राचं आहे की राज्याचं, हे सगळ्यात आधी बघा. खुलताबादमधली औरंगजेबाची कबर किंवा दौलताबादचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. नळदुर्गचा किल्ला राज्य संरक्षित आहे, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. दोन्हींचे कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी.

केंद्राच्या स्मारकाला १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र धरतात. हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून किंवा घुमटापासून मोजत नाहीत, अधिसूचित संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजतात. आवार मोठं असेल तर या फरकाने आख्खी गल्ली आत येते. टेपने स्वतः मोजून निर्धास्त होऊ नका. हद्दीचा नकाशा पुरातत्त्व कार्यालयात पाहा आणि त्यावर आपला सिटी सर्व्हे नंबर शोधा.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम करता येत नाही. पण १६ जून १९९२ पूर्वी उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं, आणि जुन्या वाड्याच्या मालकासाठी महत्त्वाची वाट हीच आहे. कायद्यात दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि बांधकाम यांचे अर्थ वेगवेगळे दिले आहेत. सगळं उतरवून त्याच मापाचं पुन्हा उभं करणं ही पुनर्बांधणी झाली, ती दुरुस्तीत बसत नाही. त्यामुळे अर्जात ‘घर पाडून नवीन बांधणे’ असं लिहिलंत तर तो तिथेच अडतो. काय ठेवणार, काय बदलणार आणि कुठल्या मालाने, हे खोली-खोलीने लिहा. विनियमित क्षेत्रात नव्या बांधकामालाही परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शेजाऱ्याने मजला चढवला आणि काही झालं नाही, यावर विसंबू नका.

राज्य संरक्षित स्मारकाला १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो. त्यासाठी संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड इथल्या सहायक संचालकांकडे लेखी विचारणा करा. यापलीकडे नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात वारसा यादी असेल तर तीही पाहा. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळपास वाव नसतो, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल काही अंशी करता येतात, तिसरीत त्याहून थोडी मोकळीक असते.

कागद कुठले लागतात आणि कुठे अडतं

मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, नगरपरिषदेचा कर आकारणी उतारा, घर १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावा, सध्याच्या घराचा मोजमापासह नकाशा, प्रस्तावित दुरुस्तीचा नकाशा आणि चारही बाजूंचे फोटो एवढं तयार ठेवा. १९९२ पूर्वीच्या पुराव्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, वाटणीपत्र, खरेदीखत यांपैकी जे मिळेल ते जोडा. निजामकाळातले कागद बहुधा उर्दूत असतात, काही मोडीत. त्यांचं मराठी भाषांतर प्रमाणित करून जोडलं तर पुढची एक फेरी वाचते.

खरी अडचण पुरातत्त्वाकडे कमी आणि घरात जास्त असते. आजोबांच्या नावावरचा वाडा, वारस तीन शहरांत, मिळकत पत्रिकेवर अर्धी नावं चढलेलीच नाहीत. अर्ज करण्याआधी वारस नोंद पूर्ण करा आणि सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र घ्या. एकाने हरकत घेतली तरी नगरपरिषद हात आखडते.

केंद्राच्या हद्दीतला अर्ज ऑनलाइन जातो. कायद्याप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचं आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यायचा. म्हणजे कागद पूर्ण असले तरी साडेतीन महिने धरा. दिवाळीनंतर काम सुरू करायचं असेल तर अर्ज आषाढात गेला पाहिजे. हा ना हरकत दाखला मिळाला म्हणजे नगरपरिषदेची परवानगी मिळाली असं होत नाही. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

वाड्याला ‘धोकादायक इमारत’ म्हणून नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ ची नोटीस आली तर ती घरात ठेवून देऊ नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा जागेवर पाहणी करून केलेला अहवाल जोडा, आणि धोक्याच्या भागाला टेकू दिल्याचे फोटो लावा. धोका घालवण्याचा मार्ग पाडणं हा एकच नसतो, हे कागदावर तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

हात लावण्याआधीची नोंद

प्रत्येक खांबाला, खणाला (दोन खांबांमधल्या गाळ्याला) आणि दाराला क्रमांक द्या आणि तेच क्रमांक नकाशावर घाला. काढलेल्या लाकडावर खडूने लिहिलेलं पुसतं, म्हणून पत्र्याची छोटी चकती खिळ्याने ठोका.

तडे वाढताहेत की थांबलेत, हे बघायला काचपट्टी लावा. तड्यावर आडवी दोन-तीन इंचांची पातळ काच दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच फुटली म्हणजे भिंत हलते आहे. ही काच किमान मेपासून सप्टेंबरपर्यंत तरी राहिली पाहिजे, कारण मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारा तडा पायाखालच्या मातीचा असतो. तो चुन्याने भरून उपयोग नाही, आधी पायाजवळचं पाणी थांबवावं लागतं. वर्षभर एकाच दिशेने रुंदावणारा तडा मात्र इंजिनिअरला ताबडतोब दाखवा.

चौकात आणि सोप्यात जमीन ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली जुनं पेव असू शकतं. धान्याची ही पेवं वरून फरशी घालून विसरली गेलेली असतात. त्यांवर परांचीचा पाय किंवा टेकू आला तर तो खचतो. भिंतीतली बळदंही (धान्य ठेवायच्या पोकळ्या) शोधा, कारण तिथे भिंत बाहेरून जाड दिसली तरी आतून पोकळ असते.

आधी पाणी

जोत्याभोवती दहा पावलं फिरा. न्हाणीचं पाणी कुठे जातं? नगरपरिषदेच्या सिमेंट रस्त्याची पातळी दर वेळी थर चढून उंबरठ्याच्या वर गेली आहे का? गटार भिंतीला चिकटून आहे का? छताचं पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ तुटून पाणी भिंतीवरून ओघळतं का? चौकातला आड बुजवून त्यावर फरशी केली आहे का? या पाच प्रश्नांत ओलीचं कारण जवळजवळ नेहमी सापडतं.

रस्ता वर आला असेल तर भिंतीला लागून फूटभर रुंद चर खणा. जोत्याचा खालचा थर उघडा पडू देऊ नका, त्याच्या वरच थांबा. तळाला उतार देऊन चर खडीने भरा आणि पाणी गटाराकडे काढा. भिंतीच्या आतून सिमेंटचा गिलावा असेल तर तीन-चार फूट उंचीपर्यंत तो काढून टाका. आपला काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही. भिंतीतली ओल बाहेर येते ती दरजांतल्या (दगडांमधल्या सांध्यांतल्या) मातीतून किंवा चुन्यातून. त्या दरजा सिमेंटने बंद केल्या की ओल वर चढत जाते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे लोणा (पांढरा क्षार) फुटतो. म्हणूनच तीन फूट सिमेंट लावलेल्या भिंतीला चौथ्या फुटावर पापुद्रे सुटतात आणि मालक सिमेंट आणखी वर चढवतो. गिलावा काढल्यावर एक पूर्ण ऋतू भिंत उघडी ठेवा, वर आलेला क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, धुतला की तो पुन्हा आत जातो.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळासोबत दगड येतात. खोड कापून कापल्या कापल्या उघड्या भागाला ब्रशने तणनाशक लावा, मूळ पूर्ण सुकू द्या, मग तेवढ्या जागचे दगड एकेक काढून मूळ काढा आणि चुन्यात पुन्हा बसवा.

माळवद: वजनाचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने जो धडा दिला तो याच छतांचा आणि याच भिंतींचा होता. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दोन बाजूंना दगड आणि मधे माती-खडे भरलेल्या भिंती उभ्या फाटल्या आणि वरची मातीची छतं माणसांवर आली. माती वाईट म्हणून हे झालं नाही. छतावर माती गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती आणि भिंतीच्या दोन बाजू एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या.

दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची आपली रीत आहे, जुनी काढायची नाही. त्यामुळे मूळचा थर वाढत वाढत फूट-दीड फूट होतो. कोरडी दाबलेली माती घनमीटरला सुमारे १,६०० किलो भरते. म्हणजे १० फूट गुणिले १० फुटांच्या छतावर फूटभर थर असेल तर साडेचार टन, दोन फूट असेल तर नऊ टन. ही कोरड्या मातीची वजनं आहेत, भिजल्यावर आणखी वाढतात. तोच थर २० सेंटिमीटरवर आणला तर वजन तीन टनांवर येतं. एवढ्या जाडीनेही घर पत्र्याच्या छतापेक्षा कितीतरी थंड राहतं.

माती काढताना होणारे अपघात टाळता येण्याजोगे असतात. प्रत्येक तुळईखाली मधोमध आणि टोकाजवळ टेकू द्या, टेकूखाली फळी ठेवा, थेट फरशीवर उभा करू नका. दोन मजले असतील तर वरच्या टेकूच्या बरोबर खाली खालच्या मजल्यावरही टेकू हवा. मग माती पट्ट्या-पट्ट्यांनी, दोन्ही बाजूंनी सारखी काढत मधे या. एका बाजूचा सगळा भार उतरवून दुसरी बाजू तशीच ठेवली की सांगाडा पिळतो. काढलेली माती शेजारच्या खणावर ढीग करून ठेवायची नाही, लगेच खाली उतरवायची. आणि ती फेकायची नाही: चाळून मुळं-काड्या काढा आणि झाकून ठेवा. हीच पांढरी माती तुम्हाला परत लागणार आहे.

पांढरी बाहेरून आणण्याविषयी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ही माती मिळते ती जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, गढीच्या ढिगांतून. तेर, पैठणसारख्या ठिकाणी ती टेकाडं म्हणजे सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे थर आहेत. ट्रॅक्टरभर माती खणली की त्यातली खापरं, विटा, भिंतींच्या ओळी कायमच्या जातात, आणि टेकाड संरक्षित असेल तर तो गुन्हाही आहे. एक वाडा वाचवायला त्याहून जुनं गाव खणू नका. थर कमी करायचा असल्यामुळे तुमच्याच छतावरची माती पुरते, उलट उरते.

माती उतरल्यावर किलचन (कड्यांवर अंथरलेल्या बारीक लाकडांचा थर) आणि कड्या (तुळयांवरची आडवी लाकडं) दिसतात. कुजलेल्या तेवढ्याच बदला. धुराने काळी झालेली किलचन वाईट असेल असं नाही, उलट तिला कीड कमी लागते. पुन्हा घालायचा क्रम खालून वर असा:

किलचन घट्ट बसवून त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला दोन-तीन इंच, दाबल्यावर तो इंचभर राहतो. त्यावर भुसा घालून आठवडाभर कुजवलेल्या चिखलाचा दोन इंची थर. तो सुकला की तडे पडतात, ते त्याच चिखलाने बुजवा. मग दमट पांढरी माती, तीन-तीन इंच अंथरून धुमसाने ठोकत दोन थर, दाबून एकूण चार इंच. शेवटी भुसा-शेणाच्या काल्याचा इंचभर लेप.

मातीत ओल किती हवी, हे मुठीने बघा. मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले पाहिजेत. पीठ झालं तर कोरडी आहे, चपटा झाला तर ओली. ओली माती ठोकली की सुकताना फाटते, आणि पहिल्या पावसात गळती तिथेच होते.

उतार चौकाकडे, दर दहा फुटांना तीन इंच. हा उतार कड्यांच्या पातळीवरच मिळवता आला तर उत्तम, मातीने मिळवायला गेलात तर एका टोकाला पुन्हा थर वाढतो. पन्हाळ भिंतीपासून किमान दीड फूट बाहेर हवी आणि दर दोनशे-अडीचशे चौरस फुटांना एक तरी हवी. जाड प्लास्टिकचा कागद घालायचा असेल तर तो पांढरीच्या दोन थरांच्या मधे घाला, म्हणजे उन्हाने कडकत नाही, आणि कडा कठड्याच्या भिंतीवर सहा इंच वर वळवा. किलचनवर थेट कागद घातला तर स्वयंपाकघरातली वाफ खाली अडते आणि लाकूड कुजतं. सवण्याभोवती (छतातल्या उजेड-हवेच्या भोकाभोवती) मातीचा उंच काठ करून त्यावर झाकण ठेवा. सवणं बुजवू नका, आतली ओल बाहेर जायची ती एक वाट आहे.

माळवदावर सिमेंटचा कोबा किंवा स्लॅब घालू नका. वजन वाढतं, खालची माती हलली की कोबा फुटतो, आणि फटीतून गेलेलं पाणी बाहेर यायला वाट न मिळाल्याने तुळया आतून सडतात. खालून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा तुळईचं टोक हाताने चुरा होतं.

भिंत: पोट सुटलं असेल तर

ओळंबा सोडून दर दोन फुटांवर अंतर मोजा. मग हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव आवाज म्हणजे ठीक, पोकळ आवाज म्हणजे बाहेरचा दगडी थर आतल्या भरीपासून सुटला आहे. फुगवटा थोडा असेल तर आरपार बंध घालून भिंत धरता येते. बराच असेल तर तेवढा पट्टा उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कुठपर्यंत थोडा म्हणायचं हे भिंतीची जाडी आणि वरचा भार पाहून इंजिनिअरने ठरवावं.

नव्याने चढवताना नियम सोपा आहे: दर दोन फूट उंचीला, आडवं चार फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड. एवढा लांब दगड नसेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून बसवा, प्रत्येक दगड भिंतीच्या जाडीच्या पाऊणपट तरी लांब हवा. कोपऱ्यांत लांब दगड आळीपाळीने दोन्ही भिंतींत शिरू द्या.

उभ्या भिंतीत बंध घालायचे तर एका वेळी एकच भोक. दोन्ही बाजूंचा एकेक दगड हलक्या हाताने काढायचा, छिन्नी-हातोडीने, ड्रिलच्या धक्क्याने मुळीच नाही. आतली भर हाताने काढत तीन इंचांची आरपार वाट करायची. तिच्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची स्टेनलेस सळई ठेवून वाट काँक्रीटने भरायची आणि तोंडाला काढलेलाच दगड परत बसवायचा. अशी भोकं मीटरभर अंतरावर, एका ओळीत न आणता खालच्या-वरच्या ओळीत सरकवून घ्या. साधी सळई गंजून फुगते आणि दगड फोडते, तिथे पैसे वाचवू नका. एवढं सगळं चुन्याचं सांगून इथे काँक्रीट का, असं कुणी विचारेल. तो तीन इंचांच्या जागेतला बंध आहे, ओलीची वाट अडवणारा गिलावा नाही, आणि भूकंपात भिंतीच्या दोन बाजू एकत्र ठेवायला तो लागतो.

आतली पोकळी भरायला चुना आणि बारीक सुरखी (विटेची पूड) समभाग घेऊन पातळ रबडी करा आणि नळीने खालून वर, दिवसाला दोन-तीन फुटांपेक्षा जास्त नाही, अशी सोडा. एकदम भरली तर ओल्या रबडीच्या दाबाने भिंतच बाहेर येते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत मात्र हे अजिबात करू नका, पाण्याने ती आतून विरघळते. तिला तिच्याच मातीत भुसा कालवून, आठवडाभर मुरवून, थराथराने भरा.

चुना

जुन्या बांधकामात आपल्याकडे शेतातल्या, ओढ्यातल्या चुनखडीच्या खड्यांचा चुना असे. त्यात मातीचा अंश असल्याने तो ओलीतही धरायचा. आज बाजारात येणारी कळी (न भिजवलेला चुना) शुद्ध असते आणि हवा लागल्याशिवाय घट्ट होत नाही. त्यामुळे जोत्याजवळच्या दमट भिंतीत नुसता चुना-वाळू महिनोन्‌महिने कच्चा राहतो. त्याला सुरखी लागतेच. सुरखी साध्या भट्टीच्या, जास्त न भाजलेल्या विटेची घ्या. काळी पडलेली, काचेसारखी वीट कुटून उपयोग नाही, आणि सिमेंट चिकटलेल्या जुन्या विटाही नकोत.

कळी भिजवताना आधी टाकीत पाणी, मग त्यात कळी, एका घमेल्याला तीन घमेली पाणी. उलटं केलंत तर उकळता चुना उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि लहान मुलं लांब. चुना गाळून किमान दोन आठवडे, जमलं तर दोन-तीन महिने पाण्याखाली मुरू द्या. कच्चा खडा गिलाव्यात राहिला तर पुढे फुगतो आणि भिंतीवर नाण्याएवढे खड्डे पडतात.

गिलाव्याला एक भाग चुना, एक सुरखी, दोन भाग चाळलेली वाळू. १०० चौरस फूट भिंतीला पाऊण इंच गिलावा करायला नासधूस धरून अडीच घनफूट चुना, तेवढीच सुरखी आणि पाच घनफूट वाळू लागते. वाळूत माती किती आहे हे बाटलीत पाणी घालून हलवून बघा, वर मातीचा जाड थर बसला तर धुऊन घ्या. मिश्रण चुन्याच्या घाण्यात किंवा ग्राइंडरमध्ये नीट घोटलं गेलं पाहिजे. नुसतं फावड्याने कालवलेला चुना सुटतो. गूळ, बेलफळ, उडीद घालायची परंपरा आहे आणि तिला अर्थ आहे, पण मुरलेला चुना आणि चांगली सुरखी नसेल तर गुळाने काही साधत नाही. जास्त गूळ झाला तर मुंग्या लागतात.

दरजा भरताना जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान एक इंच, खरवडून काढा, भिंत भिजवा, माल आत दाबून भरा आणि दगडाच्या कडेवर पसरू देऊ नका. थोडा घट्ट झाल्यावर राठ ब्रशने ठोका. मग सात ते दहा दिवस ओलं गोणपाट लावा. उन्हात चुना पाणी गमावतो आणि बोट फिरवलं की पावडर निघते. म्हणून मार्चच्या मध्यानंतर चुन्याचं काम नको. गिलावा माळवदानंतर येतो, म्हणून तो पुढच्या हिवाळ्यावर ठेवा.

लाकूड

तुळया मधे क्वचित सडतात, सडतात ती भिंतीत शिरलेली टोकं. जाड सुई किंवा पेचकस टोचून बघा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेला तर तिथपासून चांगलं लाकूड कुठे लागतं ते शोधा. आख्खी तुळई बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. कुजलेलं टोक कापून तिरक्या सांध्याने जुन्या सागाचा तुकडा जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, त्यात १२ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट. टोक भिंतीत बसवताना खाली सपाट दगड आणि बाजूंनी इंचभर हवा खेळायला मोकळी जागा. तिथे सिमेंट भरलंत तर पुन्हा तेच दुखणं.

वाळवीसाठी बोरॅक्स तीन भाग आणि बोरिक ॲसिड दोन भाग, हे मिश्रण लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, ब्रशने दोन-तीन हात. पावसात भिजणाऱ्या लाकडावर हे टिकत नाही, धुऊन जातं. दारं-चौकटींवरचा ऑइलपेंट गरम हवेने किंवा हळुवार खरवडून काढा. कॉस्टिकने धुऊ नका, नक्षीच्या कडा जातात. नंतर जवसाचं तेल पातळ हातांनी, प्रत्येक हात सुकू देत. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा.

वर्षाचं गणित

अर्ज आषाढात. चुना भाद्रपदात भिजत घाला. दिवाळीनंतर टेकू देऊन माळवदाची माती उतरवा आणि वर ताडपत्री बांधा. फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी आणि गारपीट येते, म्हणून ताडपत्री दोरीने कठड्याला आवळलेली हवी. डिसेंबर-जानेवारीत भिंती आणि दरजा, फेब्रुवारीत लाकूड, मार्च-एप्रिलमध्ये माळवद परत घाला. मेमध्ये सगळं सुकू द्या. ७ जूनच्या सुमारास मृग निघण्याआधी पन्हाळी साफ करून प्रत्येकीत एक बादली पाणी ओता आणि ते कुठे पडतं ते बघा.

पहिल्या पावसात गळालं तर वरून लगेच माती ओतायला जाऊ नका. खालून थेंबाच्या जागेवर खूण करा. पाणी किलचनवरून सरकत येतं, त्यामुळे वरची फट बऱ्याचदा दोन-तीन फूट उताराच्या वरच्या बाजूला असते. उघडीप मिळाली की तिथे टाचेने दाबून बघा, मऊ लागलं तर तेवढीच जागा चार इंच उकरून दमट पांढरी ठोकून भरा. पुढच्या उन्हाळ्यात नवी माती टाकण्याआधी धुऊन गेलेला थर मोजा आणि गेली असेल तेवढीच घाला. ही मोजणी सोपी व्हावी म्हणून माळवद घालतानाच चार कोपऱ्यांत कठड्यावर चुन्याने पातळीची रेघ मारून ठेवा.